साडूच्या मशीनवरचे आकडे

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि न बसलेलाच बरा. डोळ्यांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात नजर तपासायचा तक्ता आहे ना, मागे दिवा असलेला, वर तळहाताएवढं अक्षर आणि खाली येता येता मुंगीएवढं, त्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीखाली आणखी एक ओळ आहे. ती मी कापलेली आहे. आज बारा वर्षं झाली, एकाही माणसाला ती वाचता आलेली नाही. डॉक्टर दर सहा महिन्यांनी स्वतःचा चष्मा बदलतो, तो काही उगाच नाही.

"म्हणजे ती ओळ नाहीच," शिंपी म्हणाला.

"तुला दिसत नाही म्हणून नाही होय? तुला सुईचं भोक तरी कुठे दिसतं? दोरा ओवायला सलूनवाल्याला हाक मारतोस, आणि मला शिकवतोस."

वीज गेली होती. वीज गेली की आमच्या गल्लीतली यंत्रं एकदम मुकी होतात आणि माणसांना वाचा फुटते. खालच्या मजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप तशीच लोंबती ठेवून जिना चढून माझ्या दुकानात येतो. शेजारचा सलूनवाला एका गालाची दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून येतो. रस्त्यापलीकडून माझा साडू येतो, कोपऱ्यातलं स्टूल ओढतो, ते फरशीच्या रेघेला समांतर करतो आणि मगच बसतो. आमच्या हिला मात्र विजेचं काही नाही. ती खिडकीच्या उजेडात, मांडीवर फळी आणि हातात चिमटा घेऊन स्टिकर सोलत असते. माझ्या गोष्टींसाठी ती मान वर करत नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मान किती वेळा वर करणार?

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गल्ली त्याला मिलीमीटर म्हणते. कप बशीच्या बरोबर मधोमध बसल्याशिवाय हा चहाला तोंड लावत नाही. लग्नात हार घालताना याने दोन्ही बाजू सारख्या लोंबतायत ना, हे आधी पाहिलं आणि मग नवरीकडे पाहिलं. मी तिथेच होतो.

"डावी बाजू दोन बोटं खाली होती," मिलीमीटर शांतपणे म्हणाला.

तर सांगतो. सव्वीस वर्षं मी ब्रशने पाट्या रंगवल्या. मी रंगवलेली 'थांबा' ही पाटी इतकी ठसठशीत होती की तिच्यापुढे वारासुद्धा थांबायचा; त्या चौकात धुणं वाळायला दोन-दोन दिवस लागत. मग प्लॉटर आला आणि ब्रशची सद्दी संपली. प्लॉटर म्हणजे काय, तर रंगीत व्हिनाइलची, म्हणजे चिकट प्लास्टिकची, गुंडाळी चाकांमधून मागेपुढे सरकते आणि तांदळाच्या कणीएवढं टोक असलेलं पातं तिच्यावरून अक्षरं कापत पळतं. व्हिनाइल कापायचं आणि त्याच्या खालचा कागद राखायचा, एवढीच त्याची कला. त्यानंतर कुणीतरी चिमटा घेऊन अक्षरांच्या आजूबाजूचा नको असलेला भाग सोलून काढतो. उरतं ते अक्षर. ते उचलायचं आणि काचेवर, गाडीवर, कुठे हवं तिथे चिकटवायचं.

आमच्या गल्लीत प्लॉटर आधी साडूच्या दुकानात आला. माझं दुखणं तिथून सुरू झालं. मीही आठ महिन्यांत घेतला, त्याच्यापेक्षा वीतभर रुंद. वीतभर रुंद कशासाठी, असं विचारू नका. त्याच्यापेक्षा वीतभर रुंद म्हणूनच.

आणि सोलायला ही. हिची बोटं अशी की फुलपाखराचा एक पाय काढून त्याला कळू न देता परत बसवील. त्यामुळे सकाळी ती माझ्याकडे सोलायची आणि जेवणाच्या वेळेपासून साडूकडे. घरातलंच काम, नाही कोण म्हणणार? माझं दुकान पहिल्या मजल्यावर, त्याचं समोर तळमजल्यावर, पुढे अख्खी काच. खिडकीत उभं राहिलं की ही तिथे बसलेली सरळ दिसायची. माझ्याकडे सोलताना ही दात-ओठ खायची. तिथे तिचा चिमटा असा चालायचा जसं काही विणकाम चाललंय. एक दिवस तर ती गुणगुणताना दिसली. काचेतून आवाज येत नव्हता, पण मान हलत होती. मी दुपारभर तिची मान बघत उभा राहिलो. एका शाळेच्या बसचे आकडे कापायचे राहून गेले.

संध्याकाळी जेवताना मी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "काय म्हणतंय तिकडचं काम?"

"भाऊजींचं काम ना," ती म्हणाली, "सोलायला सुख वाटतं. नुसतं टोक उचलायचं. बाकीचं आपलं आपण उठून येतं, उकडलेल्या अंड्याचं टरफल यावं तसं. अक्षराला धक्का म्हणून लागत नाही."

"आणि माझं?"

तिने पेल्यात पाणी ओतलं. सावकाश ओतलं. "तुमचंही निघतं," ती म्हणाली. "ओढलं की निघतं."

त्यानंतर महिनाभर मी पोटाचं औषध घेतलं. पांढरं, गोडसर, दोन-दोन चमचे. जळजळ काही हलेना. हलणार कशी? पोटात आम्ल नव्हतंच, साडू होता.

"तीन आठवडे," मिलीमीटर म्हणाला. "महिना नाही, दादा. बाटली मीच आणून दिली होती."

हे बघा. असा माणूस. जाळायचाही हाच आणि औषधही आणून द्यायचा हाच.

मला फार काही नको होतं. माझं काम सोलताना हिने एकदा, फक्त एकदा, म्हणावं की सोलायला सुख वाटलं. आणि ते साडूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावं. याच्यापुढे मला दुकान, गिऱ्हाईक, नाव, काही काही नको होतं.

आणि नेमका त्याच सुमाराला तो डोळ्यांचा डॉक्टर आला. नवा दवाखाना थाटत होता. त्याला तक्ता हवा होता, दुधी काचेवर काळ्या अक्षरांचा. छापलेला त्याला चालत नव्हता, मागच्या दिव्याने विटतो म्हणे. कापलेलीच अक्षरं हवीत. अकरा ओळी, अक्षरं आणि इंग्रजी आकडे मिसळून, आणि अकराव्या ओळीत अक्षराची उंची तीन मिलीमीटर.

"तीन?" मी म्हणालो. "डॉक्टर, तीनमध्ये आठाच्या पोटातली दोन भोकं कापायची म्हणजे डासाला कानातले डूल घालण्यासारखं आहे."

"समोरचे म्हणाले, जमेल," डॉक्टर म्हणाला.

समोरचे म्हणाले. मग काय, मीही म्हणालो जमेल. तेव्हा डॉक्टरने तोड काढली: दोघांनीही तक्ता कापायचा, पण सोलायचा नाही. शनिवारी दोन्ही शीटा दवाखान्यात आणायच्या. ज्याची शेवटची ओळ स्वच्छ, त्याचा तक्ता भिंतीवर. शिवाय दारं, काचा, गाडी, सगळं काम त्याचंच.

"आणि स्वच्छ आहे की नाही हे कोण ठरवणार?" मी विचारलं.

"सोलतं कोण तुमच्याकडे?"

"ही."

"आणि समोर?"

"हीच."

"मग त्यांनाच कळेल की," डॉक्टर म्हणाला आणि निघून गेला. डोळ्यांचा डॉक्टर, पण माझ्या तोंडाकडे त्याने काही पाहिलं नाही.

हातात पाच दिवस होते. सोमवारी मी पातं चांगलं बाहेर काढलं आणि दाब वाढवला. ब्रशवाल्याचं डोकं ते. अक्षर उठत नाही, तर दाबा. प्लॉटरने व्हिनाइल कापलं, खालचा कागद कापला, मशीनची पट्टी कापली, टेबल कापलं, फरशी कापली. खाली या शिंप्याने कुणाच्या तरी कोटाचं कापड पसरून ठेवलं होतं. पुढे तो माणूस कोट घालून बसस्टॉपवर उभा राहिला की मागचे लोक एक डोळा तळहाताने झाकून त्याची पाठ वाचायला लागायचे.

"उंदीर लागला होता त्या कापडाला," शिंपी म्हणाला.

"अकराच्या अकरा ओळी? उंदीर शाळेत जात होता का तुझ्याकडचा?"

सलूनवाला एवढा हसला की त्याच्या टॉवेलचा फेस माझ्या टेबलावर पडला. मंगळवारी मी उलट टोक गाठलं. पातं इतकं आत घेतलं की ते व्हिनाइलला नुसतं चाटून गेलं. ही चिमटा घेऊन बसली तर समोर अख्खा काळा चौकोन, जसाच्या तसा.

"अक्षरं कुठायत?" तिने विचारलं.

"आहेत गं. लाजतायत."

ती हसली असती तरी चाललं असतं. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि चिमटा पदराला पुसून समोर गेली.

पातं किती बाहेर हवं, याचा नियम काही अवघड नाही. वरचं पूर्ण कापलं जावं आणि खालच्या कागदावर नखाने ओढल्यासारखी पुसट रेघ उमटावी. नियम मलाही पाठ होता. पण रोज दुपारी समोरून साडूच्या मशीनचा आवाज यायचा, एका लयीत, तेल लावलेल्या केसांतून फणी फिरावी तसा, आणि मी आकडा घालता घालता विसरायचो. मला वाटलं, आपण कशाला शोधत बसा? त्याने शोधलंय ते घ्यावं.

मत्सराने माणसाची नजर सुधारते, हे मला त्या बुधवारी कळलं. माझ्या खिडकीतून, रस्ता ओलांडून, काचेच्या आत, त्याच्या मशीनवर जो काडेपेटीएवढा पडदा होता, त्यावरचे आकडे मी वाचले.

"इथून?" सलूनवाला म्हणाला. "तीस फूट आहे रस्ता."

"सदतीस," मिलीमीटर म्हणाला.

सदतीस. त्यातून मी वाचलं: दाब पंच्याण्णव, वेग वीस, आणि कोपऱ्यावर वळताना पात्याला जी थोडी सवलत द्यायची असते ती पाव मिलीमीटर.

"दाब नव्वद होता, दादा."

"तुझा नव्वदच असेल. मला पंच्याण्णव दिसला. पाच माझ्या मत्सराचे."

जसेच्या तसे आकडे मी माझ्या मशीनवर घातले आणि कळ दाबली. ओळीमागून ओळ कापली गेली. ही सोलायला बसली आणि तिच्या चिमट्यातून एकेक अक्षर बाहेर यायला लागलं, ते शेपटीसकट. प्रत्येक कोपऱ्याला शेपूट. एकाला एक, दोनाला दोन, चाराला किती ते मोजलं नाही. भिंतीवरची पाल खाली उतरली, त्या अक्षरांमध्ये बसली आणि दोन दिवस हलली नाही. तिला वाटलं, गोतावळा भेटला. कारण नंतर कळलं. साडूचं पातं होतं पंचेचाळीस अंशांचं आणि माझं साठ अंशांचं, जाड शीटसाठी घेतलेलं. दुसऱ्याचा चष्मा नाकावर चढवून मी आपलं पत्र वाचायला बसलो होतो.

"कुणाचे आकडे घातले हे?" हिने शेपट्यांकडे बघत विचारलं.

"माझेच."

"बरं," ती म्हणाली. पस्तीस वर्षं झाली, तिच्या या 'बरं'ला मी अजून उत्तर शोधतोय.

गुरुवारी मात्र मी खिडकी बंद केली, पडदा ओढला आणि शहाण्या माणसासारखं काम केलं. नखाएवढा चौकोन कापायचा आणि सोलून बघायचा. कोपरे गोल आले तर सवलत वाढवायची, शिंगं फुटली तर कमी करायची. असे मी एक्केचाळीस चौकोन कापले.

"खरं सांगतोस?" शिंप्याने विचारलं.

"हे खरं आहे. म्हणूनच तुला पटत नाहीये."

एक्केचाळिसावा चौकोन इतका चोख आला की त्याचा कोपरा बोटाला टोचला. तरीही तक्ता कापला की अकराव्या ओळीतला आठ फाटायचाच. वरचं भोक बरं यायचं, खालचं चिंधी होऊन यायचं. शून्याचीही तीच गत. मी दाब बदलला, वेग कमी केला, मशीनला शिव्या दिल्या, मग मशीनची माफी मागितली. शेवटी ही फाटका आठ उजेडात धरून म्हणाली, "सरळ रेघ स्वच्छ आहे. वळणावरच फाटतंय. अहो, तुमचं पातं वळत नाहीये. आत काहीतरी अडकलंय."

होल्डर उघडला. होल्डर म्हणजे पातं ज्यात बसतं ती बोटाएवढी नळी. तिच्या पोटात व्हिनाइलचा एक कण अडकला होता, वाळूच्या खड्याएवढा. पातं गोल फिरायला जायचं आणि या कणाला अडखळायचं. मी फुंकर मारली. कण उडाला, खिडकीच्या फटीतून गेला आणि रस्त्यावर एका सायकलवाल्याच्या डोळ्यात गेला. तो त्या डॉक्टरचा पहिला पेशंट.

पुन्हा कापलं. आठ आला. दोन्ही भोकं गोल, शाबूत, एकमेकांकडे बघत असलेली.

मला आनंद व्हायला हवा होता की नाही? झाला. चांगला अर्धा तास झाला. मग माझ्या मनात आलं, पातं वळत नाहीये हे हिला कळलं कुठून? मशीन माझं, सव्वीस वर्षांचा हात माझा, आणि रोग ओळखला हिने. हिला हे कुणी शिकवलं? त्या काचेमागे बसून, गुणगुणत, ही काय काय शिकली होती? म्हणजे माझं मशीनसुद्धा शेवटी दुरुस्त केलं ते साडूनेच. रस्त्यापलीकडे बसून, हात न लावता. मी पुन्हा दोन चमचे पांढरं औषध घेतलं.

आणि नुसतं चांगलं कापून भागणार नव्हतं, हेही तेव्हाच ध्यानात आलं. समजा माझं काम सोलताना हिला सुख वाटलं. त्याचं सोलतानाही वाटणारच. ते तर रोजच वाटतं. मग शनिवारी ही दोन्हीकडे बघून म्हणणार, दोन्ही छान आहेत. दोन्ही छान! असलं ऐकण्यासाठी मी एक्केचाळीस चौकोन कापले होते का?

शुक्रवारी मी तक्ता कापला. आता नीट ऐका, कारण इथेच तुम्ही उठून जाता. त्या दिवशी माझं पातं इतकं बेताने बसलं होतं की उरलेल्या तुकड्यावर मी गंमत म्हणून पाहिलं आणि एका व्हिनाइलचे जाडीतून दोन पापुद्रे झाले. वरचा काळा, खालचाही काळा. खालच्याचे मी पुन्हा दोन केले. चौथ्या पापुद्र्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत होतं. त्यातूनच मी ती बारावी ओळ कापली आणि अकराव्या ओळीखाली जागा होती तिथे हळूच ठेवून दिली.

"काय लिहिलंय त्या ओळीत?" सलूनवाल्याने विचारलं.

"आता मलाही दिसत नाही. तेव्हा दिसायचं."

मग शनिवार. दवाखान्यात नव्या रंगाचा वास, मधोमध टेबल, टेबलापाशी ही. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मिलीमीटर, इस्त्रीच्या शर्टात. डॉक्टर खिडकीपाशी हाताची घडी घालून उभा. हिने माझी शीट आधी घेतली. चिमट्याने कोपरा उचलला. आणि मी तुम्हाला सांगतो, ते सगळं काळं पडद्यासारखं वर आलं. पहिली ओळ, दुसरी, पाचवी, आठवी. कुठे अडकलं नाही, कुठे ओढावं लागलं नाही. अकराव्या ओळीला तिने श्वास धरला. मीही धरला. आठ जागेवर राहिला. त्याच्या पोटातले दोन ठिपके तिने टोकाने टिपले आणि ती म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांदेखत, "किती सुख वाटलं सोलायला."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी साडूकडे पाहिलं. त्याला ऐकू गेलं होतं.

मग त्याची शीट. पहिल्या दोन ओळी ठीक गेल्या. तिसरीला कागदाचा तुकडा वर आला. चौथीला अक्षरच कागदासकट उचललं गेलं. खालच्या ओळींचा तर नुसता भुगा. पात्याने व्हिनाइलबरोबर कागदही कापला होता, आरपार. हिने एकदा शीटकडे पाहिलं आणि एकदा त्याच्याकडे. त्याचे कान लाल झाले होते.

"मशीन बिघडलं असेल, भाऊजी," ती म्हणाली.

"मशीन आपणहून बिघडत नाही, ताई," तो म्हणाला, आणि तो भुगा त्याने रुमालात गोळा केला. एक कण टेबलावर ठेवला नाही.

तक्ता माझा लागला. काम मला मिळालं. आजही तिथे जाऊन बघा.

मग सलूनवाल्याने मिलीमीटरकडे वळून विचारलं, "पण तुमचं बिघडलंच कसं हो? तुमचं काम तर कधी बिघडत नाही. बघितलं नव्हतं का आधी?"

"शुक्रवारी सकाळी बघितलं होतं," मिलीमीटर म्हणाला. "चौकोन कापला, सोलला. उत्तम होता. तेच पातं, तीच शीट. संध्याकाळी तक्ता कापला आणि गुंडाळून ठेवला. एकदा बरोबर आलेलं दुसऱ्यांदा कशाला बघायचं?"

"तेच तर त्याचं चुकलं," मी म्हणालो. गोष्टीची गरमी अंगात होती अजून. "मी त्या आठवड्यात याच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नाही, तरी मी सांगतो काय झालं ते. शुक्रवारी संध्याकाळी याचं मशीन चालू झालं आणि इथे बसल्या बसल्या मला आवाजावरून कळलं. रोजची लय नव्हती, खरखर होती. मी मनात म्हटलं, पातं बाहेर आलंय. होल्डरची टोपी फिरली की पातं पुढे येतं. आणि नुसतं आलंय असं नाही, किती आलंय तेही ओळखलं मी. अडीच फेरे."

मी थांबलो. आकडा सांगितला की मिलीमीटर तो दुरुस्त करतो, त्यासाठी मी जागा सोडली. त्याने दुरुस्त केला नाही. तो स्टुलावर ताठ झाला आणि म्हणाला, "अडीचच. दवाखान्यातून आल्यावर परत आत घेताना मी मोजले होते. हा आकडा मी आजपर्यंत कुणाला सांगितलेला नाही, दादा."

शिंपी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "कान लागतो त्याला. मोठमोठ्या कारखान्यांतले इंजिनियर..."

खिडकीतला चिमटा थांबला होता. हिने फळी मांडीवरून खाली ठेवली आणि मान वर केली.

"खोटं," ती म्हणाली. "आवाजावरून फार तर पातं बाहेर आलंय एवढं कळेल. फेरे कुणाला ऐकू येत नाहीत आणि दिसतही नाहीत. ते फिरवणाऱ्यालाच मोजता येतात. शुक्रवारी दुपारी भाऊजी जेवायला घरी गेले होते आणि तुम्ही माझा डबा घेऊन तिथे आलात. सगळ्या वर्षांत तो एकदाच आणलात. मी नळावरून हात धुऊन आले तर तुम्ही त्यांच्या मशीनपाशी उभे. विचारलं तर म्हणालात, धूळ पुसतोय."